घास, घसा आणि डिस्फेजिया : एका शब्दाची गोष्ट



आजचा लेख नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे. नेहमी मी आजार, तपासण्या आणि औषधं यांविषयी लिहितो. आज एका शब्दाची गोष्ट सांगणार आहे. हा शब्द तुमच्या किंवा तुमच्या घरातल्या कुणाच्या तरी फाइलमध्ये कधी ना कधी लिहिलेला असेल, आणि तो वाचून तुम्ही तो तसाच मिटून ठेवला असेल. शब्द आहे ‘डिस्फेजिया’.

पण आधी माझी एक चूक सांगतो.

एमडी करून मी नुकताच कामाला लागलो होतो, तेव्हाची गोष्ट. बाह्यरुग्ण विभागात सकाळपासून रांग होती, पंखा आवाज करत होता आणि शेजारच्या टेबलावर लहान मुलं रडत होती. पन्नाशीच्या एक मावशी समोर बसल्या. म्हणाल्या, “डाक्टर, घास धरतोय.” मी ऐकलं, “घसा धरलाय.” टॉर्च लावून घसा पाहिला, थोडा लालसर वाटला. गुळण्या सांगितल्या, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि केसपेपरवर ‘घसादुखी’ असं लिहून मोकळा झालो. मावशी काही बोलल्या नाहीत, गोळ्या घेऊन गेल्या.

दोन महिन्यांनी त्या परत आल्या, तेव्हा साडी अंगावर सैल झाली होती. मुलगा सोबत होता. तो म्हणाला, “भाकरी तर कधीच सोडली आईनं. आता भातपण उतरत नाही, नुसतं ताक पिते.” त्या वेळी मला कळलं की या बाईंनी पहिल्याच दिवशी मला त्यांच्या आजाराचं नाव सांगितलं होतं. शुद्ध मराठीत आणि एका शब्दात सांगितलं होतं. एका काना-मात्रेच्या फरकाने मी ते हुकवलं. दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिकेचा कर्करोग निघाला.

दोन महिने आधी कळलं असतं तर काय झालं असतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण तेव्हापासून कुणीही घशाबद्दल तक्रार केली की मी एक प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही : “घसा दुखतो, की घास अडकतो?” हा सगळा लेख त्या एका प्रश्नासाठी आहे.

शब्द कुठून आला?

‘डिस्फेजिया’ हा ग्रीक शब्द आहे. ‘डिस्’ म्हणजे बिघडलेलं, कष्टाचं. ‘फागेइन’ म्हणजे खाणं. हाच ‘फेज’ तुम्हाला इतरत्रही भेटतो. रक्तातल्या जंतू खाणाऱ्या पेशींना ‘फॅगोसाइट’ म्हणतात, आणि अन्ननलिकेचं इंग्रजी नाव ‘इसोफेगस’ आहे, म्हणजे खाल्लेलं वाहून नेणारी. शब्दशः पाहिलं तर डिस्फेजिया म्हणजे ‘खाण्याचा त्रास’. पण वैद्यकाने त्याचा अर्थ नेमका केला आहे : गिळताना होणारी अडचण. भूक नसणं किंवा चव नसणं म्हणजे डिस्फेजिया नव्हे. दात नसल्यामुळे चावता न येणं हाही वेगळा प्रश्न आहे. खायची इच्छा आहे, घास तोंडात आहे, पण तो पोटापर्यंत नीट पोचत नाही, ही ती अवस्था.

त्याची दोन भावंडं आहेत. गिळताना दुखत असेल तर ‘ओडिनोफेजिया’. अजिबातच गिळता येत नसेल तर ‘अफेजिया’. आणि गिळण्याच्या सामान्य, निरोगी क्रियेला ‘डिग्लुटिशन’ म्हणतात. हा शब्द लॅटिन आहे. ज्या मुळापासून तो आला, त्याच मुळापासून खादाड माणसाला इंग्रजीत ‘ग्लटन’ म्हणतात. आपल्याकडे संस्कृतात याच क्रियेला ‘निगरण’ असा सुंदर शब्द आहे, पण तो पुस्तकातच राहिला. बोलण्यात आपण ‘गिळणं’च म्हणतो, आणि ते पुरेसं आहे.

आता एक घोटाळा सांगतो, कारण तो कागदावर खरोखरच होतो. ‘डिस्फेजिया’ आणि ‘डिस्फेशिया’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला गिळण्याचा, दुसरा भाषेचा. पक्षाघातानंतर शब्द न सुचणं, भलताच शब्द तोंडातून येणं म्हणजे डिस्फेशिया. उच्चारात जेमतेम एका अक्षराचा फरक आहे, आणि पक्षाघाताच्या एकाच रुग्णाला दोन्ही असू शकतात. त्यातून पूर्णपणे वाचा जाण्याला ‘अफेशिया’ म्हणतात, तो पुन्हा वर सांगितलेल्या ‘अफेजिया’सारखाच ऐकू येतो. म्हणून डिस्चार्ज कार्डवर यातला कुठलाही शब्द दिसला तर लाजू नका, विचारा : “डॉक्टर, हे गिळण्याचं आहे की बोलण्याचं?” घास आणि घसा यांत माझी गफलत झाली, तशी गफलत ग्रीक शब्दांतही होते.

आपल्या भाषेला हे आधीच ठाऊक होतं

मराठीत गिळण्याबद्दल इतके शब्द आहेत की मला कधी कधी वाटतं, आपल्या भाषेतच निम्मं निदान लपलेलं आहे. घास अडकतो, घास फिरतो, ठसका लागतो, घोट उतरत नाही, घशाला कोरड पडते, घशात गोळा येतो. आणि ‘आवंढा गिळणं’! तोंडात काही नसताना गिळायची जी क्रिया आपण करतो, तिला वैद्यकात ‘कोरडं गिळणं’ म्हणतात. आपल्या बायाबापड्यांनी तिला स्वतंत्र शब्द दिलेला आहे, आणि दुःख गिळण्याशी तिचा संबंधही जोडला आहे.

तो संबंध खोटा नाही. ‘घशात सतत गोळा असल्यासारखं वाटतं, पण जेवताना काही अडकत नाही, उलट जेवताना बरं वाटतं’ अशी तक्रार घेऊन खूप लोक येतात. याला पूर्वी ‘ग्लोबस हिस्टेरिकस’ म्हणत. ग्लोबस म्हणजे गोळा, आणि हिस्टेरिकस म्हणजे… बाई रडकी आहे, असं सुचवणारं विशेषण. १९६८ मध्ये ‘ग्लोबस फॅरिंजियस’, म्हणजे घशातला गोळा, असं सरळ नाव सुचवलं गेलं आणि रुग्णाला दोष देणारा तो शब्द हळूहळू मागे पडला. गोळा वाटणं हा डिस्फेजिया नाही, आणि बहुतेक वेळा तो धोक्याचाही नसतो. पण ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून कुणाला उडवून लावण्याआधी तपासलं पाहिजे, एवढं त्या नावाच्या बदलाने शिकवलं.

सुश्रुताचा केसांचा गोळा

घास अडकण्यावरचे उपाय फार जुने आहेत. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शरीरात रुतलेली शल्यं कशी काढावीत यावर एक अध्याय आहे. त्यात घशात हाड आडवं अडकलं तर काय करावं हे सांगितलं आहे. केसांचा एक गोळा करून तो मजबूत दोऱ्याला बांधायचा आणि पातळ अन्नाबरोबर गिळायला लावायचा. मग पोटभर प्यायला देऊन ओकारी काढायची, आणि हाड त्या केसांत गुंतलं की दोरा झटक्याने ओढायचा. लाखेचा तुकडा अडकला असेल तर घशात नळी घालायची आणि तिच्यातून तापवलेली सळई त्या लाखेला टेकवायची. लाख चिकटली की गार पाणी घालून घट्ट करायची आणि बाहेर काढायची.

जरा विचार करा. नळी, तिच्यातून आत जाणारं साधन आणि बाहेरून ओढणारा हात. आज दुर्बिणीतून आम्ही अडकलेलं नाणं काढतो, त्यामागची कल्पना याहून फार निराळी नाही. अन्नाचा घास अडकला तर रुग्णाला कल्पना न देता खांद्यावर मूठ मारावी, असंही तिथे आहे.

इथे डॉक्टर म्हणून मला थांबून एक गोष्ट सांगावी लागेल. हे उपाय इतिहास म्हणून वाचा, घरी करू नका. अन्ननलिकेत घास अडकलेला माणूस बोलू शकतो, श्वास घेऊ शकतो. श्वासनलिकेत अडकलं तर आवाजच निघत नाही, हात गळ्याकडे जातो, ओठ निळे पडतात. अशा माणसाला पाणी पाजायचं नाही. त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताने जोरात पाच थापा द्यायच्या. तेवढ्याने निघालं नाही तर मागून मिठी घालून, बेंबीच्या वर मूठ ठेवून, आत आणि वर असे पाच झटके द्यायचे. हे पोटावरचे झटके अमेरिकेतल्या हेन्री हाइमलिक या डॉक्टरने १९७४ मध्ये सुचवले. एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर पोटावर झटके द्यायचे नसतात, त्याची पद्धत वेगळी आहे. ती शिकून घ्या.

देवमाशाचं हाड आणि ईलची कातडी

इंग्लंडमधल्या थॉमस विलिस या डॉक्टरचं नाव मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या वर्तुळामुळे आम्हा सगळ्यांना पाठ असतं. १६७४ मध्ये त्याने एका पुस्तकात एका माणसाची हकिगत लिहिली. या माणसाला भूक चांगली लागायची, तो जेवायचाही, पण अन्न पोटाच्या तोंडाशी साठून राहायचं आणि शेवटी उलटून पडायचं. उपासमारीने तो खंगत चालला होता. विलिसने त्याला देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक हाडाची एक काठी करून दिली आणि तिच्या टोकाला स्पंज बांधला. प्रत्येक जेवणानंतर त्या माणसाने ती काठी घशातून खाली सारायची आणि अन्न पोटात ढकलायचं. हे करत तो माणूस पुढे कित्येक वर्षं जगला.

आज वाचताना वाटतं की त्याला ‘अकॅलेशिया’ असावा. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला एक झडपेसारखा स्नायू असतो, तो घास आल्यावर सैल पडायला हवा. तो सैलच पडत नाही, तो अकॅलेशिया. हाही ग्रीक शब्द आहे, अर्थ ‘सैल न पडणं’. या आजारात हा स्नायू चिरण्याची पहिली शस्त्रक्रिया जर्मनीतल्या अर्न्स्ट हेलर यांनी १९१३ मध्ये केली. त्यांनी तो आवळलेला स्नायू बाहेरून चिरला. आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते, फक्त आता ती दुर्बिणीतून होते.

दुसरी हकिगत १७९० ची, लंडनच्या जॉन हंटर या सर्जनची. त्याच्याकडे एक पन्नास वर्षांचा माणूस होता. त्याचे गिळण्याचे स्नायू लुळे पडले होते. समोर अन्न आहे, पण खाली उतरवायची सोय नाही. हंटरने देवमाशाच्या हाडाच्या काठीवर ईल माशाची कातडी चढवली, वरच्या टोकाला प्राण्याचं मूत्राशय पिशवीसारखं बांधलं आणि त्या नळीतून पातळ अन्न आणि औषधं पोटात पोचवली. काही आठवड्यांनी त्या माणसाची गिळण्याची ताकद परत आली. हंटरने या रुग्णावर जो लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच ‘डिग्लुटिशन’ हा शब्द आहे.

तुमच्यापैकी ज्यांनी घरात आजारी माणूस सांभाळला आहे, त्यांना नाकातून घातलेली ‘राइल्स ट्यूब’ माहीत असेल. ती याच ईलच्या कातडीची पणती म्हणायला हरकत नाही. हे राइल म्हणजे लंडनचे डॉक्टर जॉन राइल. १९२१ मध्ये त्यांनी ही बारीक रबरी नळी बनवली ती भरवण्यासाठी नव्हे, तर जठरातला रस तपासणीसाठी काढायला. आपण तिचा उपयोग उलटा केला.

नळी घालायची म्हटलं की नातेवाईक घाबरतात. “आता नळी लागली, म्हणजे संपलं,” असं डोळ्यांतच दिसतं. अशा वेळी मी हंटरच्या रुग्णाची गोष्ट सांगतो. पुष्कळदा नळी हा शेवट नसतो. गिळणं परत येईपर्यंत माणूस जगावा म्हणून ती घातलेली असते.

गिळणं म्हणजे नेमकं काय?

आपण दिवसभरात काही शे वेळा गिळतो, त्यातली बहुतेक नुसती थुंकी असते. हे इतकं सहज होतं की त्याकडे लक्षही जात नाही. पण घसा ही शरीरातली विचित्र जागा आहे. तिथे हवेचा रस्ता आणि अन्नाचा रस्ता एकमेकांना ओलांडतात. जणू रेल्वेचं फाटक. घास जाताना श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर आणि पुढे उचललं जातं, त्याचं तोंड मिटतं आणि घास मागून निसटून अन्ननलिकेत जातो. आत्ता गळ्याच्या घाटीवर बोट ठेवून एकदा आवंढा गिळा, घाटी वर उचललेली कळेल. या कामात तीसेक स्नायू आणि मेंदूतून निघणाऱ्या पाच जोड नसा भाग घेतात. ‘जेवताना बोलू नये’ हे आजी सांगायची ते रीत म्हणून. पण बोलायला स्वरयंत्र उघडावं लागतं आणि गिळायला मिटावं लागतं, हेही तितकंच खरं.

या क्रियेचे तीन टप्पे फ्रान्सच्या फ्रांस्वा माजांदी याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडले : तोंडातला, घशातला आणि अन्ननलिकेतला. पहिला आपल्या हातात असतो. दुसरा सुरू झाला की थांबवता येत नाही आणि साधारण एका सेकंदात संपतो. तिसऱ्यात घास अन्ननलिकेतून खाली सरकतो, त्याला आठ-दहा सेकंद लागतात. स्वरयंत्रावरची पडजिभेसारखी झाकणी नसली तरी प्राणी गिळू शकतात, हेही माजांदीने १८१३ मध्ये दाखवलं. म्हणजे रस्ता केवळ एका झाकणामुळे बंद होत नाही, सगळं स्वरयंत्रच त्यात भाग घेतं.

दोनशे वर्षांपूर्वीची ही विभागणी आजही माझ्या टेबलावर रोज उपयोगी पडते. घास गिळायला सुरुवातच होत नाही, गिळताना ठसका लागतो, पाणी नाकातून येतं, तर बिघाड तोंड-घशात असतो, बहुतेकदा नसा किंवा स्नायूंचा. घास गिळला जातो पण काही सेकंदांनी छातीत अडकल्यासारखं वाटतं, तर बिघाड अन्ननलिकेत. तुम्ही जिथे बोट ठेवता आणि ‘कधी’ अडकतं ते जे सांगता, त्यावर पुढची तपासणी ठरते.

आत डोकावण्याची धडपड

पण आत दिसणार कसं? १८६८ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये अडोल्फ कुसमाउल या डॉक्टरला एक युक्ती सुचली. जत्रेत तलवार गिळणारे लोक मान मागे टाकून तोंडापासून जठरापर्यंत सरळ रेषा करतात. त्याने अशाच एका माणसाला ४७ सेंटिमीटर लांब आणि १३ मिलिमीटर जाड ताठ नळी गिळायला लावली. नळी आत गेली, पण उजेड अपुरा पडला आणि फारसं काही दिसलं नाही.

सामान्य माणूस तलवार गिळत नाही, त्याला वाकणारी नळी हवी. ती यायला जवळजवळ नव्वद वर्षं लागली, आणि त्या वाटेवर एक भारतीय नाव आहे. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काम करत होते. काचेच्या बारीक तंतूंच्या वाकलेल्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेता येतं, हे या दोघांनी १९५४ मध्ये छापून दाखवलं. त्यावरून अमेरिकेत बॅसिल हर्शोविट्झ यांनी लवचीक दुर्बीण तयार केली आणि १९५७ मध्ये ती आधी स्वतःच्याच घशातून आत घातली. पुढच्या वेळी एंडोस्कोपीची भीती वाटली तर हे लक्षात ठेवा. आज ही तपासणी काही मिनिटांत होते, आणि जिथे शंका वाटेल तिथला तुकडाही त्याच वेळी काढता येतो.

दुसरी वाट क्ष-किरणांची. रोंटगेनने क्ष-किरण शोधले ते १८९५ च्या नोव्हेंबरात. सुमारे वर्षभराने, १८९६ च्या डिसेंबरमध्ये, बोस्टनमध्ये हार्वर्डचा वॉल्टर कॅनन हा वैद्यकाचा विद्यार्थी त्या किरणांसमोर प्राणी ठेवून त्यांचं गिळणं पाहू लागला. कुत्र्याने गिळलेलं बटण खाली जाताना त्याला दिसलं. मग एक हंस आणला, कारण त्याची मान लांब. हंसाला खोक्यात बसवून, मानेला पुठ्ठ्याची उंच कॉलर घालून, त्याला बिस्मथ मिसळलेलं अन्न देण्यात आलं. माणसाने पहिल्यांदाच जिवंत प्राण्याच्या मानेतून घास खाली सरकताना पाहिला. पुढे बिस्मथची जागा बेरियमने घेतली. आज तुम्हाला ‘बेरियम स्वॅलो’साठी पांढरं, खडूसारखं पाणी पाजतात, ते त्या हंसाच्या कृपेने.

कॅनन पुढे फार मोठा शास्त्रज्ञ झाला. पण त्या काळी क्ष-किरणांपासून जपायचं असतं हे पुरतं माहीत नव्हतं. त्याच्या हातांची कातडी भाजली आणि त्वचेच्या विकाराने त्याला उतारवयात छळलं. तो त्या सुरुवातीच्या प्रयोगांतून आला असं मानलं जातं. १९४५ मध्ये तो वारला. आज तपासणीच्या खोलीत कर्मचारी शिशाचा जड एप्रन घालून उभे असतात, त्यामागे अशी माणसं आहेत.

स्वयंपाकघरातली बाटली

फिलाडेल्फियाचे डॉक्टर शेव्हालिए जॅक्सन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोकांच्या घशातून आणि श्वासनलिकांतून असंख्य वस्तू काढल्या : नाणी, पिना, बटणं, खेळणी. अशा दोन हजारांहून अधिक वस्तू तिथल्या म्यूटर संग्रहालयात ओळीने ठेवलेल्या आहेत. पण त्यांना सगळ्यात जास्त राग होता तो घरात साबण करायला आणि सफाईला वापरल्या जाणाऱ्या दाहक क्षाराचा. लहान मुलं तो चुकून पीत, अन्ननलिका भाजे, बरी होताना आक्रसे, आणि मूल उपाशी मरे. पुडीवर ‘विष’ असं लिहिलेलंही नसे. जॅक्सन वर्षानुवर्षं मागे लागले आणि १९२७ मध्ये अमेरिकेत तसा शिक्का सक्तीचा करणारा कायदा झाला.

हे वाचून आपण निर्धास्त होऊ नये. आपल्याकडे सुटं फिनेल, अ‍ॅसिड पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून आणलं जातं आणि मोरीत ठेवलं जातं. मुलाला ती बाटली प्यायचीच वाटते. आज संध्याकाळी घरी गेलात की एकदा मोरी बघा. आणि कुणी असं काही प्यायलंच, तर ओकारी काढू नका, कारण वर येताना ते दुसऱ्यांदा भाजतं. तसेच दवाखान्यात घेऊन या, आणि येताना बाटली बरोबर आणा.

थकलेल्या बायकांचा डिस्फेजिया

१९१९ मध्ये ब्रिटनमधल्या दोन डॉक्टरांनी, कार्डिफचे पॅटरसन आणि ग्लासगोचे ब्राउन केली यांनी, एकाच सुमारास एक गोष्ट नोंदवली. मध्यम वयाच्या काही बायकांना कोरडं अन्न घशाशीच अडकतं. जीभ गुळगुळीत, ओठांचे कोपरे फाटलेले, चेहरा पांढरट. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या प्लमर आणि विन्सन यांनीही हेच पाहिलं होतं, म्हणून हा आजार दोन्ही जोड्यांच्या नावांनी ओळखला जातो. रक्तातलं लोह कमी झाल्यावर काही जणींच्या अन्ननलिकेच्या सुरुवातीला पातळ पडदा तयार होतो आणि तिथे घास थांबतो.

श्रीमंत देशांत हा आजार आता क्वचित दिसतो. आपल्याकडे मला तो अजून भेटतो. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं जेवणारी, पाळीत जास्त रक्त जाणारी, ‘मला काही होत नाही’ म्हणणारी बाई. ती भाकरी आमटीत भिजवून, कुस्करून खाते आणि अडकतं हे कुणाला सांगतही नाही. यातल्या बऱ्याच जणींना लोहाच्या गोळ्यांनीच फरक पडतो. काहींचा पडदा दुर्बिणीतून रुंद करावा लागतो. पण लक्ष ठेवावं लागतं, कारण त्याच जागी पुढे कर्करोग होण्याची शक्यता वाढलेली असते. घरातली बाई अन्न भिजवून खायला लागली असेल तर तिचं हिमोग्लोबिन तपासा.

तंबाखू आणि सुपारीबद्दल वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. सुपारीने तोंडाचं आतलं अस्तर चामड्यासारखं कडक होतं. १९५३ मध्ये जोशी नावाच्या भारतीय डॉक्टरांनी या विकाराला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हे नाव दिलं. आधी तिखट झोंबतं, मग तोंड कमी उघडतं, मग गिळणंही जड जातं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. माझ्या दवाखान्यात तोंडात दोन बोटं मावत नाहीत असे विशीतले मुलगे अजूनही येतात.

एक घोट पाणी

डिस्फेजिया या शब्दाचा वापर सगळ्यात जास्त कुठे वाढला असेल, तर पक्षाघाताच्या वॉर्डात. अमेरिकेतल्या जेरी लोगमन या वाचा-भाषा तज्ज्ञ. त्यांनी रुग्णांना मोजून थोडं थोडं बेरियम देऊन गिळण्याचं क्ष-किरण चित्रण करण्याची पद्धत रुजवली, आणि १९८३ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं. अडकतं का एवढंच त्या पाहत नसत. मान खाली घातली, कडेला वळवली, घास लहान केला, पाणी दाट केलं, तर गिळणं सुरक्षित होतं का, हे त्या पाहत. आज स्पीच थेरपिस्ट फक्त बोलायला शिकवत नाहीत, गिळायलाही शिकवतात, ते या कामामुळे. पाणी किती दाट आणि अन्न किती मऊ, याच्या ० ते ७ अशा पायऱ्याही आता जगभर ठरलेल्या आहेत.

आपल्याकडे आजारी माणसाला पाणी पाजणं हे पुण्याचं काम. वॉर्डात बाबांचा एक हात लुळा पडलेला असतो, तोंड वाकडं झालेलं असतं, आणि मुलगी चमच्याने पाणी घालत असते. तिच्या मनात फक्त माया असते. पण तो चमचा फुप्फुसात जाऊ शकतो, त्यातून न्यूमोनिया होतो आणि पक्षाघातातून वाचलेला माणूस न्यूमोनियाने जातो. आणखी वाईट म्हणजे काही रुग्णांना ठसकाही लागत नाही, पाणी मुकाट्याने खाली जातं. म्हणून ‘ठसका लागत नाही, म्हणजे ठीक आहे’ असं समजू नका. पक्षाघाताच्या रुग्णाचं गिळणं तपासल्याशिवाय त्याला तोंडाने काहीही देऊ नका. पाणी नको, चहा नको, गोळीही नको.

तुम्ही काय करायचं?

एवढा इतिहास वाचलात, आता चार कामाच्या गोष्टी.

दवाखान्यात सांगताना ‘घसा’ नाही, ‘घास’ म्हणा. काय अडकतं ते सांगा : फक्त घट्ट अन्न, की पाणीही? आधी भाकरी, मग भात, मग पातळ असं क्रमाने वाढत गेलं असेल तर रस्ता अरुंद होत चालल्याचं ते लक्षण असतं. घट्ट आणि पातळ दोन्ही पहिल्यापासून अडकत असेल तर स्नायूंच्या हालचालीत दोष असू शकतो. कधीपासून, कुठे आणि वजन किती उतरलं, हेही सांगा.

घास अडकणं वाढत चाललं असेल, वजन घटत असेल, गिळताना दुखत असेल, आवाज बसला असेल, उलटीत रक्त किंवा शौच काळी होत असेल, तर ‘अ‍ॅसिडिटी आहे’ म्हणून महिनोन्‌महिने गोळ्या खाऊ नका. दुर्बिणीची तपासणी करून घ्या. आणि अचानक, एका दिवसात गिळता येईना, सोबत तोंड वाकडं किंवा बोलणं अडखळत असेल, तर थेट रुग्णालय गाठा.

गोळ्या नेहमी बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवं होऊ नका. काही गोळ्या अन्ननलिकेत चिकटून तिथेच जखम करतात.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर बसून जेवा. त्यांना जेवायला वेळ लागतो, ती घोटाघोटाला पाणी पितात, खोकतात, अर्धं ताट सारून ‘भूक नाही’ म्हणतात. ती भूक नसते असं नाही. गिळायची भीती असते, आणि ती सांगायला संकोच वाटतो.

त्या मावशींचा केसपेपर माझ्याकडे नाही. त्यावरचं माझं अक्षर मात्र मला अजून दिसतं : ‘घसादुखी’. तेव्हा मी टॉर्च काढण्याआधी एकदा विचारायला हवं होतं, “मावशी, म्हणजे काय होतं नेमकं?” त्यांनी सांगितलं असतं. रुग्ण सांगतातच.

तुम्हीही सांगा. डॉक्टर घाईत असला तरी दुसऱ्यांदा सांगा.